जंगल वाढलं की घटलं? उपग्रहाचा नकाशा आणि गावाची मोजणी

आजच्या व्याख्यानाचा विषय वनआच्छादनातला बदल आणि जंगलाचं शाश्वत व्यवस्थापन हा आहे. विषय मोठा आहे, म्हणून आम्ही तो एका प्रदेशापुरता, म्हणजे मुख्यतः पूर्व विदर्भातल्या गडचिरोली–चंद्रपूर भागापुरता मर्यादित ठेवणार आहोत. मात्र तिथे पोहोचण्याआधी जंगल मोजतात कसं, हे समजून घ्यावं लागेल. त्यामुळे पहिला अर्धा भाग मोजणीचा आणि दुसरा व्यवस्थापनाचा, अशी आजची मांडणी आहे.

सुरुवात एका बातमीपासून करू. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल प्रसिद्ध करते. तो आला की वर्तमानपत्रात मथळा येतो, अमुक राज्यात जंगल वाढलं, तमुक राज्यात घटलं. २०२१च्या अहवालात महाराष्ट्राचं वनआच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर होतं, आधीच्या २०१९च्या अहवालात ते ५०,७७८ होतं. म्हणजे वाढ २० चौरस किलोमीटर. मथळा झाला, 'महाराष्ट्रात जंगल वाढले'.

आता हे २० चौरस किलोमीटर एकूण आकड्याच्या किती झाले? ०.०४ टक्के. शंभर रुपयांत चार पैसे. एवढ्या बदलावरून जंगल वाढलं म्हणायचं का? आणि म्हणायचं असेल, तर नेमकं काय वाढलं? आज आपल्याला याच प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे.

'वन' हा एक शब्द, अर्थ तीन

आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाने ओळखल्या जातात, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट, कागदोपत्री वनक्षेत्र. सरकारी दप्तरात राखीव वन, संरक्षित वन वगैरे म्हणून नोंदलेली जमीन. तिथे आज झाड असेल किंवा नसेलही. दुसरी गोष्ट, वनआच्छादन. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी अशी कोणतीही जमीन, जिच्यावर झाडांच्या छत्राची घनता किमान १० टक्के आहे. छत्र म्हणजे वरून बघितलं तर झाडाच्या फांद्या-पानांनी जेवढी जमीन झाकलेली दिसते तेवढा भाग. ही जमीन कोणाच्या मालकीची आहे, झाडं कोणती आहेत, लावलेली की आपोआप आलेली, याचा या व्याख्येशी संबंध नाही. आंब्याची बाग, रबराची लागवड, बांबू, सगळं त्यात येतं. तिसरी गोष्ट, वृक्षाच्छादन. एक हेक्टरपेक्षा लहान तुकड्यांतली, बांधावरची, रस्त्याकडेची झाडं. २०२३च्या अहवालात देशाचं वनआच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के आहे. 'देशाचा चौथा हिस्सा हिरवा' असं जे आपण ऐकतो, तो २५.१७ टक्क्यांचा आकडा वृक्षाच्छादन मिळवून येतो.

या व्याख्येचा परिणाम बघायचा तर क्षणभर कोकणात जाऊ. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत निम्म्याहून अधिक भूभाग वनआच्छादनाखाली दाखवला जातो. पण वनखात्याच्या ताब्यातली जमीन तिथे फारच थोडी आहे, बहुतेक जमीन खासगी. यात जुनं सदाहरित जंगल आहे, देवराया आहेत, आणि आंबा-काजूच्या बागाही आहेत. आता दोडामार्गकडे एखादा जंगलाचा डोंगर साफ करून तिथे रबर लावलं, तर काही वर्षं नकाशावर तुटलेलं दिसेल. पुढे रबराचं छत्र मिटलं की तोच डोंगर पुन्हा 'वनआच्छादन' होतो. आकड्याचं खातं जुळलं. पण त्या डोंगरावरचे झरे, शेकरू, वेली, औषधी झाडोरा परत आला असं कोणी म्हणणार नाही.

उलट टोकाला, माळरान आणि गवताळ प्रदेश. तिथे झाडांचं छत्र १० टक्क्यांपेक्षा कमी असतं, म्हणून वनआच्छादनात ते येत नाहीत. पण माळढोक, लांडगा, काळवीट यांचं घर तेच आहे, धनगरांच्या मेंढ्यांचं चराऊ रानही तेच.

म्हणून आमची पहिली विनंती अशी की 'जंगल किती' हा आकडा ऐकला, की आधी विचारायचं, कोणतं? दप्तरातलं, छत्राचं, की सगळी झाडं मिळून?

उपग्रह बघतो म्हणजे काय करतो

आता मोजणीकडे येऊ. उपग्रह झाडं मोजत नाही. जमिनीवरून परत येणारा सूर्यप्रकाश तो मोजतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण अन्न तयार करायला त्याला तो लागतो. डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश मात्र ते मोठ्या प्रमाणात परत फेकतं. उघड्या मातीत या दोन्हींत एवढा फरक नसतो. तेव्हा अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. येणारा आकडा उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो. दाट पानोळ्यावर तो एकाच्या बाजूला सरकतो, मातीवर शून्याजवळ राहतो, पाण्यावर बहुधा उणे जातो. याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. सगळं काही यावरच ठरतं असं नाही, पण पाया हा आहे.

हा प्रकाश चौकोनाचौकोनांत मोजला जातो. आपल्या वनआच्छादनाच्या नकाशासाठी जो भारतीय संवेदक वापरतात, त्याचा एक चौकोन २३.५ मीटर बाजूचा असतो. एका हेक्टरमध्ये असे साधारण १८ चौकोन बसतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा चौकोन १० मीटरचा, म्हणजे हेक्टरला १००. चौकोन जितका लहान, तितका बारकावा अधिक. पण एका चौकोनाच्या आत काय काय आहे, ते वेगवेगळं दिसत नाही. अर्ध्यात साग आणि अर्ध्यात मोकळी जागा असेल, तर उपग्रहाला त्या दोघांची सरासरी मिळते.

त्यानंतर घनतेचे वर्ग पाडतात. ७० टक्के आणि त्याहून जास्त छत्र म्हणजे अति घनदाट, ४० ते ७० म्हणजे मध्यम घनदाट, १० ते ४० म्हणजे खुलं वन, आणि १० च्या खाली गेलं की झुडपी.

इथे ऋतूचा मोठा प्रश्न येतो. विदर्भाचं जंगल पानगळीचं आहे. साग, ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह हे सगळे उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात. म्हणून वन सर्वेक्षणाची चित्रं पावसाळा संपल्यावर, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातली घेतात. तेव्हा ढग गेलेले असतात आणि पानं अजून झाडावर असतात. हे पुस्तकात वाचलेलं असूनही आम्ही एकदा फसलो होतो. एका गावात आम्ही घाईत तयार केलेला नकाशा घेऊन गेलो, त्यासाठी वापरलेलं चित्र एप्रिलचं होतं. गावामागची अख्खी टेकडी त्यात फिकी पडलेली. आम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायला लागलो की इथलं जंगल विरळ झालंय. एक वयस्क बाई नकाशाकडे बघून म्हणाल्या, "नाही जी, जंगल कुठं गेलं? पानं झडलीत." सभा हसली, आम्हीही हसलो. पण तेव्हापासून नकाशाच्या कोपऱ्यात चित्राचा महिना ठळक लिहायचा, हा आमचा नियम झाला.

बदल मोजताना होणाऱ्या तीन चुका

एका वेळचं जंगल मोजणं त्यातल्या त्यात सोपं. दोन वेळांमधला बदल मोजणं कठीण. इथे तीन चुका नेहमी होतात.

पहिली, फूटपट्टी बदलली हे विसरणं. १९९९च्या अहवालात देशाचं वनआच्छादन ६,३७,२९३ चौरस किलोमीटर होतं. २००१च्या अहवालात ते ६,७५,५३८ झालं. दोन वर्षांत ३८ हजार चौरस किलोमीटर जंगल उगवलं का? नाही. आधी नकाशे १ : २,५०,००० या प्रमाणाचे असायचे आणि २५ हेक्टरपेक्षा लहान तुकडा त्यात दाखवला जात नसे. २००१मध्ये संपूर्ण देशाचं काम पहिल्यांदा संगणकावर, १ : ५०,००० प्रमाणावर झालं आणि एक हेक्टरपर्यंतचे तुकडे मोजले गेले. आधी न दिसणारे झाडांचे तुकडे दिसू लागले. म्हणून १९८७चा पहिला अहवाल आणि आजचा अहवाल शेजारी ठेवून थेट वजाबाकी करणं बरोबर नाही.

दुसरी चूक, निव्वळ आकड्यावर थांबणं. महाराष्ट्राच्या त्या २० चौरस किलोमीटरकडे परत येऊ. २०१९ ते २०२१ या अहवालांत अति घनदाट वन १३ ने वाढलं, मध्यम घनदाट १७ ने वाढलं आणि खुलं वन १० ने घटलं. १३ अधिक १७ वजा १०, बरोबर २०. पण यातला प्रत्येक आकडा स्वतःच निव्वळ आहे. एखाद्या जिल्ह्यात शंभर हेक्टर जुनं जंगल गेलं आणि दुसरीकडे शंभर हेक्टर निलगिरी लावली, तर बेरीज शून्य येते. जमाखर्चाच्या वहीत आपण फक्त शिल्लक बघत नाही, काय जमा झालं आणि कशावर खर्च झालं तेही बघतो. जंगलाच्या वहीतही तेच करायला हवं. सुदैवाने वन सर्वेक्षणाच्या अहवालात राज्यवार तक्ता असतो. कोणत्या वर्गातून कोणत्या वर्गात किती क्षेत्र गेलं, हे त्यात कळतं. बातमीत तो तक्ता येत नाही, म्हणून आपण तो उघडून बघावा.

तिसरी चूक, छत्र म्हणजेच जंगल समजणं. पूर्व विदर्भात मिश्र जंगल तोडून त्या जागी साग लावण्याचं काम अनेक दशकं चाललं. राज्याचं वनविकास महामंडळ १९७४ साली स्थापन झालं, ते सागाच्या लागवडीसाठीच ओळखलं जातं. वीस-पंचवीस वर्षांचा साग वरून छान दिसतो, घनतेच्या वर्गातही वर चढतो. पण मोहाची फुलं, चारोळी, हिरडा, बेहडा, आवळा, तेंदू या सगळ्यांवर ज्या कुटुंबाचं वर्ष चालतं, त्याच्या दृष्टीने तिथलं जंगल गेलेलंच असतं. रानातल्या जनावरांच्या दृष्टीनेही तसंच.

गडचिरोलीत जे वरून दिसत नाही

आता आपल्या प्रदेशात येऊ. गडचिरोली हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा जिल्हा. त्यातला सुमारे ६९ टक्के भाग वनआच्छादनाखाली आहे. राज्याची सरासरी साधारण साडेसोळा टक्के, यावरून कल्पना यावी. नकाशावर हा जिल्हा गडद हिरवा दिसतो आणि आपण समाधानाने पुढचं पान उलटतो.

पण या जंगलातलं एक मुख्य उत्पन्न बांबू आहे, आणि तो बहुतांशी मोठ्या झाडांच्या खाली वाढतो. वर साग-ऐनाचं छत्र शाबूत असेल, तर खालचा बांबू ओरबाडून नेला तरी उपग्रहाला फारसा फरक दिसत नाही. नकाशा 'मध्यम घनदाट' म्हणत राहतो आणि खाली बांबूची बेटं मरत असतात.

याच्या उलटही होतं. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, तोही बहुधा एका भागातला सगळा एकदम, आणि बी धरून मरतो. इकडचा मानवेल कैक दशकांनी असा फुलोऱ्यावर येतो. जिथे बांबूच दाट आहे, तिथे ही सामूहिक मर वरून जंगलतोडीसारखी दिसू शकते. प्रत्यक्षात खाली लाखो रोपं उगवत असतात. तिथे काम असतं ते मेलेला बांबू आग लागायच्या आत बाहेर काढण्याचं, आणि रोपांना काही वर्षं चराईपासून राखण्याचं. 'जंगल घटलं' म्हणून तिथे खड्डे खणून झाडं लावायला गेलो, तर आपणच ती रोपं तुडवू.

म्हणजे ज्या गोष्टीवर गावाचं पोट आहे, तिचं बरं-वाईट उपग्रहाच्या नकाशात नीट उमटत नाही. ते जमिनीवर जाऊनच मोजावं लागतं. मग प्रश्न येतो, मोजणार कोण?

मोजणारा आणि ठरवणारा एकच असला तर

२००६ साली संसदेत वनहक्क कायदा मंजूर झाला. त्यातल्या कलम ३(१)(झ) नुसार ग्रामसभेला आपल्या पारंपरिक सामूहिक वनाचं संरक्षण, पुनर्निर्मिती आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. शिवाय बांबूला या कायद्याने गौण वनोपज मानलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. देशात ज्या गावांना पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाला, त्यांत मेंढा आहे. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मान्य झाला. तरी बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचं या प्रवासातलं काम सर्वश्रुत आहे. आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत.

हक्क मिळाला, की दुसऱ्याच दिवशी एक साधा आणि अवघड प्रश्न समोर येतो. यंदा बांबू किती तोडायचा?

याचा हिशेब कसा करतात ते बघू. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, गावाकडे बांबूचं ६०० हेक्टर रान आहे. तोडणीचं चक्र तीन वर्षांचं धरलं. मग रानाचे तीन भाग पाडायचे, प्रत्येकी २०० हेक्टरचे. अशा भागाला कूप म्हणतात. दर वर्षी एकाच कुपात तोड, बाकी दोन विश्रांतीला. आता यंदाच्या कुपात बांबू किती आहे? सगळा मोजणं शक्य नाही. म्हणून २० ठिकाणी नमुना चौकोन आखायचे, प्रत्येक ०.१ हेक्टरचा, म्हणजे बाजू साधारण ३१.६ मीटर. दोरी, खुंट्या आणि वही एवढं पुरतं. जागा चिठ्ठ्या टाकून किंवा नकाशावर जाळी आखून ठरवायच्या. 'चांगला बांबू दिसतोय तिथे मोजू' असं केलं, की हिशेब तिथेच फसला.

या २० चौकोनांचं मिळून क्षेत्र झालं २ हेक्टर. त्यात बांबूची ८० बेटं सापडली. इकडे बेटाला रांजी म्हणतात. म्हणजे हेक्टरी ४० रांज्या. २०० हेक्टरला ८,०००. आता एका रांजीतून किती काढायचे? यंदा उगवलेला कोवळा बांबू तोडायचा नाही. पुढच्या वर्षी रांजीला आधार आणि अन्न मिळावं म्हणून ठराविक संख्येने पक्के बांबूही ठेवायचे. एवढं ठेवून सरासरी तीन बांबू काढता येतात असं मोजणीत निघालं, तर यंदाची मर्यादा २४,००० बांबूंची.

आता ठेकेदार येतो आणि म्हणतो, मला ४०,००० पाहिजेत, रोख देतो. इथे खरी परीक्षा आहे. २४,००० हे व्याज आहे, वरचे १६,००० मुद्दलातून जाणार. ज्या घरात लग्न ठरलंय, ज्या घरात आजारपण आहे, त्याला ४०,००० हवेच असतात. आणि त्याचं चूक आहे असंही नाही. पण मोजणी करायला जे वीस-तीस लोक रानात गेले होते, ते सभेत बसलेले असतात. कोणती रांजी आधीच मार खाल्लेली आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने '२४,०००च' म्हटलं तर ते बंधन वाटतं. आपल्याच माणसाने वहीतून वाचून दाखवलं तर तो आपला हिशेब वाटतो. शाश्वत व्यवस्थापन हा शब्द जड आहे, पण त्याचा गाभा एवढाच.

तोडणीचे बाकी नियमही मोजणीइतकेच महत्त्वाचे आहेत. पावसाळ्यात नवे कोंब फुटतात तेव्हा रानात तोड बंद. बांबू जमिनीलगत एक पेर ठेवून धारदार हत्याराने कापायचा, म्हणजे बुंधा फुटत नाही. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, हे इकडचं आवडीचं खाणं. तेही खाण्यापुरतेच आणायचे, कारण आजचा वास्ता हाच पुढचा बांबू आहे.

आग आणि तेंदू

दुसरं उदाहरण आगीचं. उन्हाळ्यात तेंदूला चांगली कोवळी पानं यावीत म्हणून झुडपं छाटतात आणि बऱ्याच ठिकाणी आगही लावली जाते. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तीही आग पसरते. इथे उपग्रहाचा चांगला उपयोग होतो. उष्णता टिपणारे संवेदक दिवसातून काही वेळा या भागावरून जातात, आणि वन सर्वेक्षणाकडून आगीचा इशारा मोबाईलवर संदेशाने मिळतो. त्यातल्या एका संवेदकाचा चौकोन ३७५ मीटरचा, दुसऱ्याचा एक किलोमीटरचा. म्हणजे आग कुठल्या बाजूला आहे हे कळतं, नेमक्या कोणत्या नाल्याकाठी आहे ते गावातल्या माणसालाच कळतं. आणि छत्राखाली सरपटत गेलेली, तासा-दोन तासांत विझलेली आग उपग्रहाला चुकवूनही जाते.

पण इशारा मिळून आग विझवणं वेगळं आणि आग लागण्याचं कारणच काढणं वेगळं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने दुसरा मार्ग घेतला. २०१२मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावर या गावाने तेंदूपानं तोडणंच बंद केलं. पानांसाठी झाड छाटावं लागतं, आग लागते, आणि टेंभरं पाखरांना व माणसांनाही मिळत नाहीत, हा त्यामागचा विचार. उत्पन्नासाठी त्यांनी बांबूवर भर दिला आणि रानाचा काही भाग तोडीपासून पूर्ण वेगळा राखला. तेंदूचा हंगाम म्हणजे हातात रोख पैसा. तो सोडण्याचा निर्णय कोणत्याही नकाशाने घेतला नसता. दुसऱ्या गावांनी हेच करावं असं आम्ही म्हणत नाही. अनेक ग्रामसभा तेंदू स्वतः विकून चांगला भाव मिळवतात. मुद्दा असा की निर्णय घेणाऱ्याला त्याचे परिणाम समोर दिसत होते.

दोन्ही डोळे लागतात

मग उपग्रह सोडून द्यायचा का? मुळीच नाही. गावाच्या वहीला स्वतःच्या मर्यादा आहेत. शेजारच्या खोऱ्यात काय चाललंय ते तिच्यात येत नाही. एटापल्लीत सुरजागडच्या टेकड्यांवर लोहखाण आहे. तिथली जमीन किती उघडी पडली, रस्ते कुठून गेले, ओढ्यांचा रंग कुठवर बदलला, हे वर्षावर्षाच्या चित्रांतून कोणालाही दाखवता येतं. गाव बोलतं तेव्हा पुरावा मागितला जातो, आणि तारीख असलेलं चित्र हा चांगला पुरावा आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९७२पासूनची चित्रं २००८पासून सर्वांना मोफत आहेत. आजोबांच्या आठवणीतलं जंगल आणि चित्रातलं जंगल जुळवून बघता येतं. आम्ही ते केलं आहे, आणि बहुतेक वेळा आठवण खरी निघाली.

खाणीसाठी जंगल गेलं, की भरपाई म्हणून दुसरीकडे झाडं लावतात. कायद्यात तशी तरतूद आहे. वनआच्छादनाच्या आकड्यात ही देवाणघेवाण बरोबरीची दिसू शकते. म्हणूनच आम्ही सुरुवातीपासून व्याख्येवर एवढा वेळ घालवला. एक हेक्टर म्हणजे एक हेक्टर, असं एकदा मान्य केलं की कुठलंही जंगल कुठल्याही लागवडीशी बदलता येतं, आणि वहीत काहीच गेलेलं दिसत नाही.

तेव्हा 'जंगल वाढलं की घटलं' या प्रश्नाचं उत्तर आम्ही असं देऊ. छत्र किती आहे, ते उपग्रहाला विचारा. ते कोणत्या झाडांचं आहे, खाली काय उगवतंय आणि कोण जगतंय, ते रानात जाऊन मोजा. आणि ती मोजणी अशा लोकांच्या हातात असू द्या, ज्यांना चुकीच्या निर्णयाची किंमत स्वतः मोजावी लागते.

आता काही प्रश्न आले आहेत, ते घेतो.

प्रश्न : घरी बसून आपल्या भागातला बदल बघता येतो का?

येतो. इस्रोचं भुवन संकेतस्थळ आहे, ग्लोबल फॉरेस्ट वॉच आहे. फक्त एक लक्षात ठेवा, प्रत्येकाची व्याख्या वेगळी. ग्लोबल फॉरेस्ट वॉचवर पाच मीटरपेक्षा उंच झाडोरा धरतात आणि सुरुवातीला पडद्यावर छत्राची मर्यादा १० नव्हे, ३० टक्के असते. त्यामुळे तिथला आकडा आणि वन सर्वेक्षणाचा आकडा जुळणार नाही. तसंच, लावलेल्या निलगिरीची तोडणी झाली तरी तिथे 'घट' दिसते. लाल ठिपका दिसला म्हणजे जंगलतोड झाली असं लगेच ठरवू नका, आधी त्या जागेवर जाऊन या.

प्रश्न : राज्यात कोट्यवधी झाडं लावली गेली. त्याचा परिणाम नकाशात का दिसत नाही?

२०१६ ते २०१९ या वर्षांत २, ४, १३ आणि ३३ कोटी अशी उद्दिष्टं होती. रोप लावलं त्या दिवशी छत्र नसतं. जगलं तर काही वर्षांनी उपग्रहाला दिसेल. म्हणून खड्डे किती हा आकडा विचारण्यापेक्षा तीन पावसाळ्यांनंतर जगली किती, हे विचारा. आणि लावली कुठे, तेही. गवताळ माळावर खड्डे घेऊन झाडं लावणं हे काही वेळा एक अधिवास मोडून दुसरा अर्धवट उभा करणं ठरतं.

प्रश्न : सगळ्याच ग्रामसभा चांगलं व्यवस्थापन करतात का?

नाही. काही ठिकाणी हक्क कागदावरच आहे, काही ठिकाणी ठेकेदारच सभा चालवतो, काही ठिकाणी हिशेब दोघा-तिघांच्या खिशात असतो. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यास गटात विषयाची चर्चा होते, ही सवय एका दिवसात लागलेली नाही. म्हणून आम्ही कोणत्याही गावात गेलो की पहिल्यांदा जंगल बघत नाही, मोजणीची वही मागतो. वही कोणाच्या घरात आहे, शेवटची नोंद कधीची आहे, आणि ती सभेत वाचली गेली का, एवढं कळलं की त्या जंगलाबद्दल बरंच काही कळतं.

वेळ संपली आहे.